प्राणीसंस्थेसाठी मोठी देणगी: यादी शोधण्याआधी आपली पावतीपुस्तकं उघडा

प्रश्न थोडक्यात असा. घणसोलीत राहणाऱ्या एका ताईंनी आणि त्यांच्या मैत्रिणींनी ६ वर्षांपूर्वी भटक्या कुत्र्या-मांजरांसाठी ट्रस्ट काढला. वर्षाला १८ लाखांच्या आसपास खर्च होतो आणि तो सगळा मोबाइलवरच्या आवाहनांतून, दोनशे-पाचशे रुपयांनी जमतो. आता रबाळ्याच्या औद्योगिक पट्ट्यात एक गाळा लांब मुदतीच्या भाड्याने मिळतो आहे. तिथे २० केनेलचं (कुत्र्यांना ठेवायच्या कप्प्यांचं) छोटं रुग्णालय आणि पार्वो-डिस्टेंपर या कुत्र्यांच्या संसर्गजन्य, जीवघेण्या आजारांच्या रुग्णांसाठी वेगळा कक्ष उभा करायचा आहे. त्याला ६० लाख लागतील. ताई विचारतात, "मोठे देणगीदार कुठे भेटतात? कुणाकडे यादी असेल तर द्या. सिनेनटांना मेसेज केले, कंपन्यांना चाळीसेक ईमेल पाठवले, एकाचंही उत्तर आलं नाही."

ठाणे आणि नवी मुंबईतल्या प्राणीसंस्थांसाठी निधी उभा करणं हेच माझं काम आहे. तुमचा प्रश्न वाचून मन भरून आलं, कारण पार्वोचं पिल्लू इतर रुग्णांपासून वेगळं ठेवायला जागा नसली की काय होतं ते मी पाहिलं आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

यादीपासून सुरुवात करू. घोडबंदर रोडच्या टॉवरमधल्या किंवा पाम बीच रोडवरच्या पैसेवाल्या लोकांचे नंबर कुणी उद्या तुमच्या हातात दिले, तरी त्यातून ६० लाख उभे राहणार नाहीत. त्या माणसांना तुम्ही कोण ते माहीत नाही. तुमची खरी अडचण श्रीमंत माणसं ओळखीची नसणं ही नाहीच. गेली ६ वर्षं तुम्ही लोकांशी बोललात ते फक्त एखादं जनावर मरणाच्या दारात असताना. ज्यांनी पैसे पाठवले त्यांना तुमची संस्था रक्ताळलेल्या फोटोवरून ओळखू येते. बाकीच्या दिवशी तुम्ही काय करता, डॉक्टर कोण, औषधांचा महिन्याचा खर्च किती, विश्वस्त कोण, यातलं त्यांना काही ठाऊक नाही. फोटो पाहून माणूस ३०० रुपये देतो, ३ लाख देत नाही. ३ लाख देताना तो एकच गोष्ट मनात तपासतो: पाच वर्षांनी हे लोक इथे असतील का?

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगते. तुमचे हिशेब दरवर्षी ऑडिट होऊन धर्मादाय आयुक्तांकडे वेळेवर जात असतील, आयकराची १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला वजावट) ही नोंदणी चालू असेल, तर पुढचं सगळं लगेच सुरू करता येईल. नसतील तर आधी सीएकडे बसा, त्यात काही महिने जातील आणि ते जाऊ द्यावेत. दुसरं म्हणजे विश्वस्तांपैकी एक तरी जण आठवड्यातल्या दोन संध्याकाळी फक्त माणसांना भेटण्यासाठी राखून ठेवू शकते का? सगळ्याच जणी रेस्क्यूला पळत असतील तर मोठी देणगी येणं कठीण आहे. तिसरं म्हणजे तुमचा भाग. ठाण्यात नौपाडा, पाचपाखाडी भागात दोन-तीन पिढ्या एकाच घरात राहणारी कुटुंबं आहेत. तिथे बचत आहे आणि आईवडिलांच्या स्मरणार्थ काही करायची रीत आहे. घणसोली, खारघर, कामोठे इथे पगारदार तरुण जोडपी जास्त. ती घराच्या हप्त्यात अडकलेली असतात, एकरकमी मोठं देऊ शकत नाहीत, पण दरमहा देणं त्यांना जमतं. नवी मुंबईत मोठा पैसा आहे तो टीटीसी औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदारांकडे आणि वाशीच्या एपीएमसीतल्या व्यापाऱ्यांकडे. त्यांच्याशी बोलण्याची तऱ्हा वेगळी, त्याबद्दल पुढे.

तर पहिलं काम: ६ वर्षांच्या पावत्या आणि बँकेचे उतारे घेऊन बसा. रकमेकडे आधी बघू नका. किती वेळा दिले आणि किती वर्षं दिले ते बघा. दर संक्रांतीला, मांज्याने कापलेल्या पक्ष्यांचं आवाहन आलं की न चुकता १,००० रुपये पाठवणारे कुणी गृहस्थ असतील. एखाद्या बाईंनी तुमच्याकडून तीन पायांची कुत्री दत्तक घेतली असेल आणि तिच्या वाढदिवसाला दरवर्षी काही पाठवत असतील. पैसे पाठवल्यावर फोन करून "ते पिल्लू वाचलं का हो?" असं विचारणारे थोडे लोक असतात, त्यांच्या नावापुढे आधी खूण करा. माझ्या अनुभवात मोठी देणगी जवळजवळ नेहमी या गटातून आली आहे. त्यात निवृत्त बँक अधिकारी होते, मुलं परदेशी असलेल्या शिक्षिका होत्या, एक गॅरेजवाले होते. अंगावरच्या कपड्यांवरून किंवा गाडीवरून कुणालाही ओळखता आलं नसतं.

अशी चाळीस-पन्नास नावं निघतील. त्यात तुमचे पशुवैद्य, औषधं उधारीवर देणारे दुकानदार, ज्या सोसायट्यांमध्ये तुम्ही लसीकरण केलं तिथले सचिव अशीही माणसं घाला. त्यांना स्वतःला देता येईल असं नाही, पण कोण देऊ शकेल हे त्यांना माहीत असतं. पशुवैद्याला तर चांगलंच माहीत असतं. आपल्या म्हाताऱ्या लॅब्रॅडोरच्या शेवटच्या महिन्यात ज्याने रात्र-रात्र जागून सलाईन लावली, तो माणूस कुठे राहतो आणि काय करतो ते डॉक्टरांना माहीत असतं. मात्र डॉक्टरांकडून रुग्णांची यादी मागू नका. "तुम्ही स्वतः बोलाल का, आणि त्यांची तयारी असेल तर आमची गाठ घालून द्याल का?" एवढंच विचारा.

मग भेटी. पहिल्या भेटीत पैसे मागायचे नाहीत. हे ऐकून तुमचा जीव वरखाली होईल, कारण गाळेमालक थांबणार नाही. पण सहा वर्षं पैसे देणाऱ्या माणसाला तुम्ही पहिल्यांदाच भेटत असाल, तर आधी आभार मानायला जा. "तुम्ही आमच्याकडे का देता?" हा प्रश्न विचारा आणि गप्प बसा. लोक जे सांगतात ते ऐकताना मला अजूनही गलबलून येतं. कुणाचा लहानपणीचा मोती गाडीखाली गेलेला असतो. कुणाचे वडील रोज पोळीचा पहिला तुकडा दारातल्या कुत्र्याला घालत. आपल्याकडे श्राद्धातही कावळ्याच्या घासाबरोबर कुत्र्याचा आणि गायीचा घास काढून ठेवतात, तेव्हा ही भावना तुम्हाला कुणाला नव्याने शिकवायची नाही. ती कुठे आहे ते फक्त समजून घ्यायचं आहे. घरी आल्यावर त्याच रात्री चार ओळी लिहून ठेवा: कशाने हळहळतात, कशाचा राग येतो, घरात निर्णय कोण घेतं.

दुसरी भेट तुमच्या कामाच्या जागी. त्यासाठी कार्यक्रम ठेवू नका, रांगोळी नको, हार नको. एखाद्या साध्या मंगळवारी बोलवा. ड्रेसिंग चालू असू दे, अळ्या पडलेली जखम साफ करताना त्यांना थांबावंसं वाटलं तर थांबू द्या. जागा अपुरी असल्यामुळे काय करावं लागतं ते प्रत्यक्ष दाखवा. पार्वोचा विषाणू जमिनीवर आणि भांड्यांवर महिनोन् महिने टिकतो, साध्या फिनाइलने मरत नाही, म्हणून पार्वोचा संशय असलेलं पिल्लू आज तुम्ही कुणाच्या तरी बाल्कनीत ठेवता, हे त्यांना तिथेच कळलं पाहिजे. आणि डॉक्टरांशी त्यांचं बोलणं होऊ द्या. डॉक्टर जे सांगतील त्याला तुमच्या सांगण्यापेक्षा जास्त वजन आहे.

एक प्रश्न हल्ली प्रत्येक भेटीत येतो: "कोर्टाने तर कुत्री उचलायला सांगितली ना, मग तुमचं काम कायद्यात बसतं का?" याचं उत्तर घोटून तयार ठेवा. ११ ऑगस्ट २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश दिल्ली परिसराबद्दल होता. २२ ऑगस्टला तो बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री त्याच भागात सोडायची, रेबीज झालेली, तसा संशय असलेली किंवा आक्रमक कुत्री मात्र सोडायची नाहीत, आणि खायला घालायचं ते ठरवून दिलेल्या जागीच, असं त्यात आलं. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकं अशा आवारांतली कुत्री उचलून पुन्हा तिथे न सोडता निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. पुढचे आदेशही वाचत राहा. प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ ची प्रत जवळ ठेवा. मोठा देणगीदार वकिलाला विचारतोच. तुमचं उत्तर वकिलाच्या उत्तराशी जुळलं की तो निश्चिंत होतो.

आता मागण्याबद्दल. ६० लाख म्हणजे ६०० रुपये देणारे १०,००० लोक, असा हिशेब कागदावर सुंदर दिसतो, पण तसा पैसा येत नाही. तो वरून भरायला लागतो. तुमच्या बाबतीत मी अशी मांडणी करीन: एक देणगी १५ लाखांची, दोन ८ लाखांच्या, चार ४ लाखांच्या. हे झाले ४७ लाख. उरलेले १३ लाख पंचवीस हजारांपासून लाखापर्यंतच्या देणग्यांतून आणि शेवटी तुमच्या नेहमीच्या आवाहनातून. प्रत्येक मोठ्या देणगीसाठी तीन-चार नावं मनात असायला हवीत, कारण बाकीचे नाही म्हणतील किंवा कमी देतील. आणि वरच्या दोन-तीन देणग्या पक्क्या झाल्याशिवाय जाहीर आवाहन करू नका. शून्यावरून सुरू झालेली मोहीम पाहून लोक थांबतात, निम्मी भरलेली पाहून हात पुढे करतात.

पण तुमच्या ६० लाखांबद्दल माझी खरी हरकत वेगळी आहे. त्यात फक्त बांधकाम, केनेल, ओटी म्हणजे शस्त्रक्रियेच्या खोलीतलं टेबल, एक्स-रे आणि उपकरणं निर्जंतुक करणारं ऑटोक्लेव्ह धरलेलं दिसतं. डॉक्टरचा पगार कोण देणार? दोन पॅराव्हेट (पशुवैद्याचे मदतनीस), रात्रपाळीचा माणूस, वीज, पाणी, औषधं, जैववैद्यकीय कचरा उचलणाऱ्या संस्थेचे पैसे, गाळ्याचं भाडं? पशुवैद्यकीय रुग्णालयालाही २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम लागू आहेत, त्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून परवानगी घ्यावी लागते. आज तुमचा खर्च १८ लाख आहे, तो रुग्णालय सुरू झाल्यावर दुपटीच्या पुढे जाईल. कुलूप लागलेलं जनावरांचं रुग्णालय पाहण्यासारखं दुःख नाही. तिथे आणून टाकलेली जनावरं परत कुठे न्यायची? म्हणून मागणी करतानाच निदान पहिल्या दोन वर्षांचा चालू खर्च धरा आणि एकूण आकडा मोठा झाला तरी तोच सांगा. "कक्ष बांधायला ८ लाख आणि तो दोन वर्षं चालवायला ६ लाख, मिळून १४" असं सांगितलं की व्यवहार कळणाऱ्या माणसाचा विश्वास वाढतो. कारखाना काढणाऱ्याला खेळतं भांडवल म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

प्रत्यक्ष मागताना दोघींनी जावं. एक विश्वस्त आणि शक्य असेल तर स्वतः आधी दिलेली एक व्यक्ती. घरी जा. नवरा-बायको दोघंही असतील अशी वेळ घ्या. आकडा स्पष्ट सांगा: "पार्वो कक्षासाठी तुम्ही १४ लाख द्यावेत, अशी विनंती करायला आलो आहोत." त्यानंतर बोलू नका. आपल्याला पैशाचं बोलणं संकोचाचं वाटतं, म्हणून आपण घाईघाईने "नाही तर जमेल तेवढं द्या" म्हणून टाकतो, आणि समोरचा माणूस १४ लाखांचा विचार करत असतानाच त्याला ५,००० वर आणून सोडतो. त्याला विचार करू द्या. "मुलाशी बोलतो" म्हणाले तर कधी फोन करू ते विचारून घ्या आणि त्या दिवशी करा. "एवढे नाही जमणार" म्हणाले तर "दोन-तीन वर्षांत विभागून दिलेत तरी चालेल" हे सांगा. नाही म्हणाले तर मनापासून आभार मानून या, आणि पुढच्या दिवाळीलाही त्यांना फोन करा.

अटींवर जरा जास्त लिहिते, कारण प्राणीसंस्थांच्या बाबतीत सगळ्यात अवघड भाग हाच आहे आणि याबद्दल कुणी आधी सांगत नाही.

आपल्या भागातला जीवदयेचा पैसा मोठ्या प्रमाणात जैन आणि गुजराती व्यापारी समाजाकडून येतो. त्याला जुना इतिहास आहे. १८३२ मध्ये इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारायला सुरुवात केली तेव्हा मुंबईत पारशी समाज रस्त्यावर उतरला, आणि त्यानंतर १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी भुलेश्वरला पांजरापोळ उभारली. त्या परंपरेतला देणगीदार तुम्हाला विचारेल, "जनावरांना खायला काय देता?" तुम्ही कुत्र्यांना चिकन-भात देता, आजारी पिल्लांना अंडं देता. मांजराला तर मांसाहाराशिवाय जगताच येत नाही. टॉरिन हे द्रव्य त्याला खाण्यातूनच मिळावं लागतं, ते नसेल तर डोळे आणि हृदय निकामी होतं. हे पहिल्याच भेटीत, अत्यंत आदराने, पण सरळ सांगा. लपवून देणगी घेतली आणि सहा महिन्यांनी ते अचानक भेटीला आले, तर पैसा परत करावा लागेल आणि तो समाज तुमच्याकडे पुन्हा बघणार नाही. सांगितल्यावर काही जण मागे हटतात. काही म्हणतात, "आमचा पैसा फक्त औषधाला आणि बांधकामाला वापरा." ते मान्य करा, त्या पैशाचं खातं वेगळं ठेवा आणि वर्षाअखेरीला त्याचा हिशेब वेगळा द्या.

दुसरी अट दयामरणाबद्दल. "इथे एकही जनावर मारायचं नाही" असं लेखी मागणारे भेटतील. ज्याचा कणा मोडला आहे, जे तडफडतं आहे आणि बरं होणं शक्य नाही, त्याच्यासाठी नियमांत ठरलेल्या चौकटीत तरतूद आहे. हा निर्णय वैद्यकीय आहे, तो देणगीदाराच्या अटीवर सोपवू नका. विश्वस्तांनी एकत्र बसून या विषयावर एक पानाचं धोरण आधीच लिहून ठेवावं, म्हणजे भेटीत गडबडायला होत नाही.

तिसरी अट नवी मुंबईत सर्रास येते: "५ लाख देतो, आमच्या सोसायटीतली कुत्री तेवढी घेऊन जा." घ्यायचे नाहीत. नसबंदी करून कुत्रं मूळ जागी सोडायचं, हाच नियम आहे, आणि ती कुत्री तुमच्या २० केनेलमध्ये आली तर आजाऱ्यांना जागा उरणार नाही. त्याऐवजी परवानगी असलेल्या कार्यक्रमातून त्या आवारातल्या सगळ्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून देण्याची तयारी दाखवा. मी अशा भेटीनंतर संतापलेले सचिव वर्षभराने नियमित देणगीदार झालेले पाहिले आहेत, कारण भुंकणं आणि भांडणं खरोखर कमी झाली.

नावाची पाटी हा मात्र वादाचा विषय करू नका. मराठी घरांतून येणाऱ्या बऱ्याच मोठ्या देणग्या कुणाच्या तरी स्मरणार्थ असतात, आणि त्यात काहीच गैर नाही. परळचं बैलघोडा हॉस्पिटल १८८० च्या दशकात सर दिनशॉ पेटिट यांच्या देणगीतून उभं राहिलं आणि त्याला त्यांच्या पत्नीचं, बाई साकरबाईंचं नाव आहे. कक्षाला आईचं नाव, ओटीला वडिलांचं, केनेलवर गेलेल्या कुत्र्याचं नाव, हे सगळं द्या. फक्त कोणत्या रकमेला काय आणि किती वर्षांसाठी, हे आधी ठरवा. जागा भाड्याची आहे, तेव्हा "कायमस्वरूपी" हा शब्द वापरू नका.

कंपन्यांबद्दल. तुमच्या चाळीस ईमेलना उत्तर आलं नाही याचं कारण तुम्ही बहुधा ज्यांची नावं वर्तमानपत्रात येतात अशा कंपन्यांना लिहिलंत. त्यांच्याकडे आरोग्य आणि शिक्षणाचे ठरलेले कार्यक्रम असतात. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत प्राणिकल्याण स्पष्टपणे लिहिलेलं आहे, त्यामुळे सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने समाजकार्यावर खर्च करायचा पैसा तुम्हाला मिळू शकतो. पण माझी नजर असते ती मधल्या कंपन्यांवर. ज्या कंपनीचा निव्वळ नफा ५ कोटींच्या पुढे गेला तिलाही मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावे लागतात. ज्यांची ही रक्कम ५० लाखांच्या आत आहे त्यांना वेगळी सीएसआर समितीही लागत नाही, संचालक मंडळच ठरवतं. रबाळे, महापे, पावणे, तुर्भे इथल्या अशा कंपन्यांत संचालक मंडळ म्हणजे बहुतेक वेळा एकच कुटुंब. कायदाही कंपनी जिथे आहे तिथल्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगतो, आणि तुमचा गाळा त्यांच्याच रस्त्यावर आहे. त्यांच्या गेटवर बसणाऱ्या कुत्र्यांचं लसीकरण करा, सुरक्षारक्षकांशी ओळख करा, मग मालकांना भेटा. असा पैसा घेण्यासाठी संस्थेला लागणारी सीएसआर-१ ची नोंदणी करून ठेवा. १२ए, ८०जी आणि अशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो, तो तुमच्याकडे आहे. वेळेचं म्हणाल तर एप्रिल ते जून प्रस्ताव द्या. जानेवारीनंतर पैसे उरलेत म्हणून फोन येतात, तेव्हा कागद तयार असलेल्या संस्थेला ते मिळतात.

कराबद्दल लोक फार बोलतात, पण मोठ्या देणगीत त्याचा वाटा लहान असतो. ८०जीखाली साधारणपणे देणगीच्या ५० टक्के रकमेची वजावट मिळते, त्यालाही उत्पन्नाच्या प्रमाणात मर्यादा आहे. २,००० रुपयांवर रोख दिली तर वजावट नाही, वस्तुरूपाने दिली तरी नाही, आणि नव्या करप्रणालीत व्यक्तींना ही सवलतच नाही. कुणालाही "पूर्ण कर वाचेल" असं सांगू नका. देणग्यांचं विवरण मात्र आयकर विभागाकडे वेळेत भरा आणि प्रमाणपत्र मागायची वेळ देणगीदारावर येऊ देऊ नका.

परदेशातल्या मुला-नातवंडांकडून पैसे येऊ शकतात, तिथे एक गोष्ट नीट पाहा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेला पैसा परकीय मानला जात नाही. ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं, त्याच्याकडे ओसीआय कार्ड असलं तरी त्याचा पैसा परकीय ठरतो, आणि एफसीआरए या परकीय देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय तो घेणं गुन्हा आहे. पैसे स्वीकारण्याआधी पासपोर्टबद्दल विचारायला लाजू नका.

मृत्युपत्राचा विषय तुम्ही काढला नाहीत, पण तुमच्या यादीत एकट्या राहणाऱ्या वयस्कर बायका नक्की असतील. त्यांची सगळ्यात मोठी चिंता एकच असते: "माझ्यामागे माझ्या मांजरांचं काय?" तुम्ही त्यांना सांभाळाल का, हे प्रामाणिकपणे ठरवा. सांभाळू शकणार असाल तर तसं सांगा. मृत्युपत्रात संस्थेला काही द्यायचं असेल तर त्यांनी स्वतःच्या वकिलाकडून करावं, दोन साक्षीदार तुमच्या संस्थेबाहेरचे असावेत, आणि जवळच्या नातेवाइकांना त्यांच्या हयातीतच कल्पना असावी. तुम्ही स्वतः मसुदा लिहू नका, पैशाचा आग्रह तर अजिबात नको.

देणगी आल्यानंतरचं एकच सांगते, कारण बहुतेक संस्था इथे कमी पडतात. ४८ तासांत फोन, आठवड्यात पावती आणि हाताने लिहिलेलं पत्र. त्यानंतर दर तीन महिन्यांनी एक पान: किती रुग्ण आले, किती बरे झाले, किती गेले, पैसा कशावर खर्च झाला. गेलेल्यांचा आकडा लपवू नका. डिस्टेंपरची बरीच पिल्लं वाचत नाहीत, हे लोकांना समजतं. फक्त बरे झालेल्यांचे फोटो पाठवत राहिलात तर दुसऱ्या वर्षी त्यांचा विश्वास बसणार नाही.

तेव्हा आत्ता लगेच करायचं ते एवढंच: पावत्यांतून चाळीस नावं काढा, त्यातल्या पहिल्या दहा जणांना फक्त आभार मानायला भेटा, आणि दरम्यान खर्चाचा आकडा चालू खर्चासकट नव्याने मांडा.

आणि गाळ्याची कागदपत्रं आधी तपासा. एमआयडीसीतला गाळा असेल तर मालकाला पोटभाड्याने देण्याची परवानगी आहे का, जनावरांच्या रुग्णालयासाठी तो वापरता येतो का, हे लेखी घ्या. करार नोंदणीकृत हवा, आणि निदान दहा वर्षं तरी मालकाला तो मोडता येऊ नये. जी यंत्रं आणि केनेल उचलून नेता येतील तीच घ्या. फरशी आणि भिंतींवर कमीत कमी खर्च करा. पहिल्याच मोठ्या देणगीदाराच्या घरी गेलात की पाणी पिऊन होण्याआधी तो विचारेल, "जागा कुणाच्या नावावर आहे?" त्या दिवशी कराराची प्रत पिशवीत असू द्या.